शेतावरची बंदूक

गेल्या वर्षीं आमचा मुक्काम तीन महिने अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत, आमच्या पुतण्याच्या शेतावर होता. रानडुकरांचे कळप रात्रीं येत आणि सकाळीं पाहावें तों मक्याच्या ओळीच्या ओळी नांगरल्यासारख्या उकरलेल्या! पुतण्यानें रायफल घेण्याचा बेत केला. सूनबाईंनीं 'घरांत नऊ वर्षांचें मूल आहे' म्हणून हरकत घेतली. दोघांचेंही म्हणणें रास्त. वडीलकीच्या नात्यानें निवाडा आमच्याकडे आला. आम्हीं जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. बंदुकीविषयीं आमची पाटी कोरी. तेव्हां या वयांत पुन्हां विद्यार्थी झालों, आणि जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुतण्याच्या मनांत होती ती तरफेची रायफल. चापाभोंवतींची लोखंडी कडी खालीं लोटून पुन्हां वर घेतली, कीं रिकामी पुंगळी बाहेर फेंकली जाते, घोडा चढतो आणि नवें काडतूस नळींत बसतें. बेंजामिन टायलर हेन्री यांनीं १८६० सालीं अशा रायफलीचें पेटंट घेतलें; पुढें विंचेस्टर कंपनीच्या १८७३ व १८९४ च्या नमुन्यांनीं ती तेथील शेतकऱ्यांच्या घरोघरीं पोंचविली. अंगानें सडपातळ, आणि उजव्या-डावखुऱ्या दोघांसही सोयीची.

आमची पहिली चूक अशी, कीं दुकानांत जाऊन आम्ही बंदुका पाहूं लागलों. जाणता मनुष्य आधीं काडतूस ठरवितो, मग बंदूक.

सर्वांत लहान तें 'पॉइंट बावीस लाँग रायफल'; १८८७ पासून प्रचारांत. गोळी बहुधा ४० ग्रेनांची, म्हणजे सुमारें अडीच ग्रॅम. स्वस्त, आवाज बेताचा, खांद्यास धक्का जवळजवळ नाहीं. टिनाचे डबे मांडून नेम धरण्याच्या करमणुकीस व उंदीर-घुशींस याहून चांगलें कांहीं नाहीं. परंतु रानडुकरास तें अपुरें. जनावर मरत नाहीं, जखमी होऊन तळमळत फिरतें. हें पाप कोणी घ्यावें? दुसऱ्या बाजूस १८९५ चें 'थर्टी-थर्टी'. त्याची १५० ग्रेनांची गोळी सेकंदास २४०० फुटांच्या आसपास वेगानें निघते. हरणास वा डुकरास दीडशें यार्डांपर्यंत पुरेशी. पण डबे पाडण्यास तें वापरणें म्हणजे निरांजनासाठीं होळी पेटविणें. खर्च मोठा आणि आवाज कानठळ्या बसविणारा.

या दोहोंच्या मध्यें १९३५ चें '.३५७ मॅग्नम'. विशेष असा, कीं त्याच्या नळींत '.३८ स्पेशल' हें आखूड व सौम्य काडतूसही चालतें; उलट मात्र चालवूं नये. डबे पाडण्यास सौम्य काडतूस, डुकरांस मॅग्नम, तेंही शंभर यार्डांच्या आंत. मूळचें हें काडतूस रिव्हॉल्व्हरचें. रायफलीच्या लांब नळींतून तें अधिक वेग घेतें.

सूत्रांत अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो, असें म्हणतात. येथेंही तोच न्याय: कामास पुरेल तेवढी शक्ति, अर्धी मात्रा अधिक नको. आम्हीं मधल्या काडतुसास कौल दिला.

एक सूचना महत्त्वाची. बहुतेक अशा रायफलींत काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या नळींत एकामागें एक बसतात. मागच्याचें टोंक पुढच्याच्या बुडास टेकतें, आणि ठिणगीची जागा त्या बुडाच्या मध्यावरच असते. म्हणून टोकदार कठीण गोळी कदापि भरूं नये. चपट्या तोंडाचीच घ्यावी. पॉइंट बावीसची ठिणगी बुडाच्या कडेस असल्यानें तिला ही भीति नाहीं.

सूनबाईंनीं संमति दिली ती अटींवर. बंदूक पोलादी कपाटांत, काडतुसें निराळ्या कुलपांत; निशाणामागें मातीचा उंच बांध, कारण बावीसची इवलीशी गोळीही मैलाहून दूर जाते; दगडावर वा पाण्यावर नेम धरावयाचा नाहीं; डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे. आणि काडतुसें भरलीं किती, उडालीं किती, हा हिशोब बाळाकडे.

पहिल्याच रविवारीं पुतण्यानें दहा काडतुसें भरलीं. परदेशी पाहुण्याच्या हातीं बंदूक देण्यास तेथील कायदा सहसा मोकळीक देत नाहीं; म्हणून आम्ही मागें खुर्चीवर. डबे पडले. 'संपलीं' म्हणून पुतण्या बंदूक बाकावर ठेवून डबे पाहण्यास निघाला. तोंच बाळ म्हणाला, "बाबा, पुंगळ्या नऊच आहेत." पुतण्या मागें फिरला, नळीचें तोंड बांधाकडे ठेवून त्यानें कडी लोटली, आणि दहावें, न उडालेलें काडतूस गवतांत पडलें. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

डुकरांचा खरा बंदोबस्त पुढें मोठ्या पिंजऱ्यानेंच झाला. रायफल मदतीपुरतीच राहिली. काडतूस कसें निवडावें हें आम्हांस दुकानदारानें शिकविलें. बंदूक घरांत कशी नांदवावी, हें मात्र ती नको म्हणणाऱ्या सूनबाईंनीं शिकविलें.