पाती फिरताना दिसली पाहिजेत

केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला दर उन्हाळ्यात दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडतात. तिथे टिपलेल्या स्पिटफायरच्या छायाचित्रात प्रोपेलरची चारही पाती ताठ, एकेक मोजता येतील अशी आली असतील, तर बाकी सगळं कितीही रेखीव असलं तरी जाणकार ते छायाचित्र बाजूला ठेवतो. इंजिन बंद पडून विमान आकाशात अडकलंय असं ते दिसतं. माझ्या मते या छंदाची खरी परीक्षा इथेच होते. विमान ठसठशीत यायला हवं आणि पाती मात्र पुसट, फिरती.

हिशेब सोपा आहे. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला ३००० फेरे घेतं, पण गिअरमुळे प्रोपेलर त्याच्या निम्म्याहून थोडा कमीच फिरतो. प्रदर्शनात इंजिन इतकं ताणत नाहीत, त्यामुळे प्रोपेलरचे मिनिटाला साधारण १००० फेरे धरायला हरकत नाही. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं उघडलं, तर तेवढ्यात पातं फक्त ६ अंश सरकतं, म्हणजे गोठलेलंच. १/१२५ ला ते ४८ अंश सरकतं. दोन पात्यांमध्ये ९० अंशांचं अंतर असल्यामुळे अर्धं वर्तुळ भरतं. १/६० ला पूर्ण चकती उमटते. ती चकती हातात कॅमेरा धरून मिळवणारे फार थोडे.

कारण शटर जितकं सावकाश, तितकं विमान हलण्याची भीती जास्त. ताशी ४०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान सेकंदाच्या १२५व्या भागात जवळजवळ ९० सेंटीमीटर पुढे जातं. म्हणून लेन्सही त्याच वेगानं फिरवावी लागते. याला पॅनिंग म्हणतात. जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला पाय आधीच रोवायचे, विमान दूर असतानाच कमरेतून वळून त्याला व्ह्यूफाइंडरमध्ये धरायचं आणि क्लिक झाल्यावरही हात थांबवायचा नाही. ४०० किंवा ५०० मिलिमीटरची लेन्स पेलत हे करताना बहुतेक फ्रेम वाया जातात, सरावलेल्यांच्याही. जेट आलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि शटर पुन्हा हजारावर नेतात, कारण तिथे फिरताना दाखवावं असं बाहेर काहीच नसतं.

प्रत्येक यंत्राचं गणितही वेगळं. हार्वर्ड या प्रशिक्षण विमानात इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये गिअरच नाही. इंजिनाइतक्याच वेगानं त्याची दोन पाती फिरतात आणि पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात. त्याचा तो कर्कश, कान फाडणारा आवाज त्यामुळेच. तिथे १/२५० लाही पाती चांगली पुसट येतात. म्हणजे यंत्र ठाऊक असल्याशिवाय कॅमेऱ्याची चकती कुठे फिरवायची हे कळत नाही.

डक्सफर्डची दुसरी अडचण सूर्याची. प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला बसतात आणि दक्षिणेकडे पाहतात. दिवसाचा बहुतेक वेळ ऊन समोरून येतं आणि विमानाचं पोट काळं पडतं. मग एक्स्पोजर मुद्दाम वाढवायचं आणि आकाश पांढरं होईल ते होऊ द्यायचं. दुपारी जमिनीवरून उठणारी गरम हवा तर महागड्या लेन्सलाही हरवते. ओल्ड वॉर्डनचं शटलवर्थ कलेक्शन या बाबतीत उदार आहे. तिथे विमानं प्रेक्षकांना वळसा घालत येतात, जवळचा पंख खाली झुकतो आणि स्पिटफायरचे लंबवर्तुळाकार पंख वरून संपूर्ण दिसतात. १९०९ सालचं ब्लेरिओही तिथेच जपलेलं आहे.

२२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर रस्त्यावर कोसळलं आणि ११ जणांचा जीव गेला. त्यानंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले, प्रेक्षक आणि विमानं यांच्यातली अंतरं वाढली. छायाचित्रकारांना त्याचा त्रास झाला, पण तक्रार करायला तोंड नाही आणि करूही नये.

डक्सफर्डच्या स्पिटफायरांमध्ये एक आपल्याकडून गेलेलंही आहे. एमव्ही २९३ हे मार्क १४ जातीचं विमान भारतीय हवाई दलाकडे होतं आणि नंतर बंगळुरूजवळ जलाहळ्ळीला तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी ठेवलेलं होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंडला गेलं आणि १९९२ साली पुन्हा आकाशात उडालं. त्याला मर्लिनऐवजी ग्रिफन इंजिन आहे. पाती पाच, आणि ती मर्लिनच्या उलट दिशेनं फिरतात.

लिबरेटर बॉम्बफेक विमानांची गोष्ट तर आणखी आपली. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली ही विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी दुरुस्त केली. ती १९६८पर्यंत आपल्या हवाई दलात होती आणि ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्याच्या लोहगावहून ती उडवत असे. त्यांतलं एक भारतानं १९७४ साली ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिलं. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं १९८९ साली पुन्हा उडवलेलं लिबरेटरही भारतीय सेवेतलंच होतं. पुण्याच्या जुन्या रहिवाशांनी ज्यांचा आवाज रोज ऐकला, त्यांतलं एकही आता आपल्या आकाशात उडत नाही, याची मला खंत वाटते.

आपल्या आकाशात उडणारं एक जुनं विमान मात्र आहे. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली आलेल्या डकोटाला हवाई दलानं ‘परशुराम’ हे नाव दिलं. त्याच्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या पहिल्या डकोटाचा. २०२२च्या प्रजासत्ताक दिनाला दोन डॉर्नियरांच्या साथीनं ते दिल्लीवरून गेलं. राफेल टिपायला सज्ज केलेल्या कॅमेऱ्यात, हजाराच्या पुढच्या शटरला, त्याची तिन्ही पाती गोठणारच. डकोटा संथ आहे, हात स्थिर ठेवायला पुरेसा वेळ देतं. पुढच्या संचलनात ते दिसेल तेव्हा शटर १/१२५ वर आणा आणि इंडिया गेटच्या बरंच अलीकडे असतानाच त्याच्याबरोबर वळायला लागा.