कबुलीनंतरचं अपील

18 मार्च 1922. अहमदाबादेत सत्र न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधीजी आणि शंकरलाल बँकर उभे होते. 'यंग इंडिया'तल्या लेखांबद्दल राजद्रोहाचा आरोप. दोघांनीही तो कबूल केला. तरीही पुरावा घेऊन खटला पुरता चालवावा, असा मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांचा आग्रह होता. ब्रूमफील्डांनी तो मानला नाही. आता शिक्षेचंच तेवढं ठरवायचं आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी टिळकांच्या 1908 च्या शिक्षेचा दाखला दिला आणि गांधीजींना सहा वर्षांची साधी कैद सुनावली.

कबुलीनंतरच्या अपिलातही शिक्षेचंच तेवढं उरतं. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 412, 1973 च्या संहितेत 375, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 416. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढंच वरच्या कोर्टात म्हणता येतं, मी दोषी नाही असं म्हणता येत नाही. कबुलीवरून उच्च न्यायालयानेच दोषी ठरवलं असेल, तर तेवढंही अपील नाही.

गांधीजींसारख्या आरोपीला हा नियम लावण्यात अन्याय नाही. आपण काय कबूल करतो आहोत, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण आपल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्याने आत अडकलेला माणूस तारखांमागून तारखा पाहतो. मग बराकीतलं कुणी सांगतं, कधी वकीलच सांगतो: कबूल कर, भोगलेली शिक्षा धरतील, सुटशील. अशा कबुलीला खुशीची कबुली म्हणायला माझं मन धजत नाही.

सर्वोच्च न्यायालयही या प्रश्नाशी झगडलं आहे. गुजरातच्या कासमभाई शेख प्रकरणात (1980) भेसळीच्या आरोपींनी सौम्य शिक्षेच्या भरवशावर गुन्हा कबूल केला होता. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने अशा सौद्यावर कडक ताशेरे ओढून खटला पुन्हा चालवायला लावला. थिप्पास्वामी प्रकरणात (कर्नाटक, 1983) तर त्याने स्पष्टच सांगितलं, की सौम्य शिक्षेचं आमिष दाखवून कबुली घ्यायची आणि अपिलात शिक्षा वाढवायची, हा अनुच्छेद 21 चा भंग आहे. शिक्षा अपुरी वाटली, तर वरच्या कोर्टाने दोषसिद्धीच रद्द करावी आणि आरोपीला बचावाची संधी द्यावी.

पुढे 2006 पासून 'प्ली बार्गेनिंग', म्हणजे कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेचा सौदा, कायद्यातच आला. त्याच्या निकालावर नेहमीचं अपील नाही. रिट किंवा सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी एवढेच मार्ग उरतात. मात्र तिथे न्यायाधीशाने आरोपीला एकट्याला, दुसरा पक्ष समोर नसताना, अर्ज राजीखुशीने केला का हे विचारायचं असतं. साध्या कबुलीला हे संरक्षण का नसावं? कबुली आली म्हणजे लगेच दोषी ठरवलंच पाहिजे, असं बंधन कायद्याने घातलेलं नाही. 20 जुलै 2009 ला 26/11 च्या हल्ल्यातला आरोपी कसाब याने मुंबईच्या विशेष न्यायालयात कबुली दिली, तेव्हा न्यायाधीश टहलियानी यांनी ती नोंदवली आणि खटला पुढे चालवला. ही सावधगिरी मोबाइल चोरीच्या आरोपीच्याही वाट्याला यायला हवी.

दंडाधिकाऱ्यांपुढच्या समन्स खटल्यात कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असं कायदा सांगतो. 'गुन्हा कबूल आहे' एवढी एकच ओळ लिहून ठेवली, तर त्याला आरोप समजला होता का, हे अपिलात कशावरून तपासणार?

दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला मुदत तीस दिवसांची. तुरुंगात असलेल्याला अधीक्षकामार्फत अपील पाठवता येतं आणि 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार वकीलही मोफत मिळतो. पण भोगलेल्या शिक्षेवर सुटलेला माणूस त्याच संध्याकाळी घरी गेलेला असतो. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीत ती दोषसिद्धी निघते, तोवर मुदत कधीच टळलेली असते. मग आधी विलंब माफीचा अर्ज, आणि कोर्टाने त्या दिवशी त्याला नेमकं काय विचारलं याचा जुन्या रोजनाम्यात शोध.