चिलटांवरचं औषध, पक्ष्यांच्या चरबीत

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकच्या काठावर चिलटांचा फार उपद्रव होता. ती चावत नसत. पण संध्याकाळी दिव्यांभोवती त्यांचे थवे जमत आणि मासेमारीला, सुट्टीला आलेली माणसं वैतागत. एवढ्यासाठी 1949 मध्ये तळ्यात डीडीडी ओतलं गेलं. हे डीडीटीचंच भावंड, पण माशांना त्यापेक्षा कमी घातक मानलेलं. मात्रा सात कोटी भाग पाण्याला एक भाग. चिलटं पुन्हा वाढली, तेव्हा 1954 आणि 1957 मध्ये पाच कोटींत एक भाग. कागदावर हिशेब बिनचूक होता.

पण 1954 च्या फवारणीनंतरच्या हिवाळ्यात ग्रीब पक्षी मरू लागले. आपल्या टिबुकलीच्याच कुळातले हे पक्षी माशांवर जगतात. आधी रोगाची साथ असेल असं वाटलं, पण रोगजंतू सापडेनात. अखेर कोणीतरी मेलेल्या पक्ष्यांची चरबी तपासली. दर दहा लाख भागांत डीडीडीचे 1600 भाग! पाण्यात सोडलेल्या मात्रेच्या 80 हजार पट.

डीडीडी पाण्यात जेमतेम विरघळतं, चरबीत मात्र सहज. त्यामुळे ते लघवीवाटे बाहेर पडत नाही आणि शरीराला ते चटकन मोडताही येत नाही. प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांत, ते दहा लाखांत 5 भाग निघालं. प्लवक खाणारा लहान मासा जन्मभर असंख्य प्लवक गिळतो. त्यातलं बहुतेक अन्न हालचालीत आणि श्वसनात खर्ची पडतं, विष तेवढं मागे उरतं. त्या माशाला मोठा मासा खातो, मोठ्याला पक्षी. व्याज खर्च न करता मुद्दलात घालत जावं तसं हे चक्रवाढीनं फुगतं. तळाशी राहणाऱ्या एका मिशाळ माशात तर आकडा 2500 वर गेला होता.

एव्हाना पाण्याच्या नमुन्यात डीडीडीचा मागमूस नव्हता. ‘पाणी तपासलं, ठीक आहे’ या शेऱ्यावर माझा विश्वास या आकड्यांनी उडवला आहे. विष तळ्यातून गेलं नव्हतं. जिवांच्या अंगात राहायला गेलं होतं.

ग्रीबच्या हजार जोड्यांपैकी 1960 पर्यंत जेमतेम 30 उरल्या, आणि त्यांचीही पिल्लं दिसत नव्हती. रेचल कार्सन यांनी 1962 च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकीकत मांडली. चिलटांना तोवर डीडीडी पचू लागलं होतं. त्याच वर्षी तळ्यात मिथाइल पॅराथिऑन आलं: जास्त जहाल, पण लवकर विघटन पावणारं.