जर्मनचं पातेलं चंद्रावर निघालं

काल बहरीनमधलं मआमीर मागे टाकून गाडी दक्षिणेकडे निघाली, तेव्हा ती संपता न संपणारी शेड बघून तू विचारलंस, "आबा, इथे काय करतात?" तुझ्या बाबांनी 'अल्बा' म्हणून विषय मिटवला. आता नीट ऐक. तुझ्या हातातल्या सरबताच्या डब्याचा धातू अशाच जागी जन्मतो.

ही ॲल्युमिनिअमची भट्टी. आमच्याकडे या धातूच्या भांड्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणत. पितळेपुढे त्याला कोण विचारतो! पण दीडशे वर्षांपूर्वी ते राजाच्या पंगतीत मिरवलं असतं. पायाखालच्या मातीत हा धातू लोखंडापेक्षाही जास्त. ऑक्सिजनला मात्र असा बिलगलेला, की सुटता सुटेना. सोडवायला महागड्या सोडिअमची लाच द्यावी लागे.

म्हणून तर १८६५ साली ज्यूल व्हर्ननं, आपल्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणला तोच हा व्हर्न, चंद्रावर सोडायच्या गोळ्यासाठी ॲल्युमिनिअम निवडलं, तेव्हा कादंबरीतली मंडळीही चपापली. पौंडाला नऊ डॉलर! पण लोखंडी गोळा ६७,४४० पौंड भरला असता, हा १९,२५० पौंडांतच बसला.

मग आलं १८८६ साल. अमेरिकेत हॉल, फ्रान्समध्ये एरू. दोघंही १८६३ सालचे, एकमेकांना ओळखतही नव्हते आणि दोघांना एकच युक्ती सुचली. ॲल्युमिना, म्हणजे ऑक्सिजनला बिलगलेलं ॲल्युमिनिअम, नुसतं वितळवायचं तर दोन हजार अंशांच्या वर तापवायला हवं. त्यांनी ते क्रायोलाइट नावाच्या खनिजाच्या वितळलेल्या रसात विरघळवलं, चहात साखर विरघळावी तसं. मग साडेनऊशे अंशांच्या आसपास भागलं. त्यातून वीज सोडली, की ऑक्सिजन कार्बनच्या कांडीकडे पळतो आणि धातू तळाशी साचतो. दोघं वारलेही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. याला काय म्हणावं!

आता बहरीनचं नवल बघ. आपल्या कोल्हापूरच्या डोंगरात या धातूचं खनिज, बॉक्साइट, आहे, जांभ्याचा भाऊच तो. इथे वाळूत तसलं काही नाही. ॲल्युमिना जहाजानं येतं. पण जमिनीखाली गॅस आहे, गॅसवर वीज होते, आणि एक टन धातूला सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते. खरा कच्चा माल वीजच म्हण ना! १९७१ मध्ये वर्षाला १ लाख २० हजार टनांनी सुरुवात झाली, आता १६ लाखांच्या वर गेलेत. मी काल रात्री हिशेब मांडला: व्हर्नच्या अख्ख्या गोळ्याचा धातू इथे तीन मिनिटांत निघतो.

आणि या धातूची स्वप्नं व्हर्नपाशीच थांबली नाहीत: १९८६ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात तर पारदर्शक ॲल्युमिनिअम आहे. हसू नकोस. आजीच्या अंगठीतलं माणिक उजेडात धर. ते ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजनच, लाली तेवढी चिमूटभर क्रोमिअमची.