कोठडीपासून कायद्यापर्यंत
एचआयव्हीबाधितांच्या चळवळीचा गोवा ते सांगली प्रवास

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. त्या वेळी आजाराबाबतचे अज्ञान मोठे होते आणि सरकारी धोरणावर भीतीचा पगडा होता. संशयिताची सक्तीने तपासणी आणि बाधिताचे सक्तीने विलगीकरण, हाच उपाय समजला जात असे. आजचे चित्र वेगळे आहे. हा बदल घडवण्यात बाधितांनी आणि उपेक्षित वस्त्यांतील स्त्रियांनी दिलेल्या लढ्याचा वाटा मोठा आहे.

या लढ्याची ठिणगी गोव्यात पडली. नियमित रक्तदान करणारे डॉमिनिक डिसूझा बाधित असल्याचे आढळताच फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांना गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये म्हापशातील एका क्षयरोग रुग्णालयात डांबण्यात आले. त्यांची दोन महिन्यांहून अधिक काळाने सुटका झाली. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; मात्र न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डिसूझा यांचे १९९२ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली.

सांगलीचा धडा

१९९२ मध्येच सांगलीत मीना शेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' संस्थेचे काम सुरू झाले. वेश्यावस्तीतील स्त्रियांना उपदेश करण्याऐवजी संस्थेने त्यांच्यावरच प्रतिबंधाची जबाबदारी सोपवली. निरोधचे वाटप, आजारी सखीला दवाखान्यात नेणे, पोलिसी जाचाविरुद्ध दाद मागणे ही कामे त्या स्वतः करू लागल्या. यातूनच १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' (व्हॅम्प) ही त्यांची स्वतंत्र संघटना जन्माला आली. तिचे काम पुढे निपाणीसारख्या सीमाभागातही पोहोचले. ग्राहकाला नकार देण्याचे बळ एकट्या स्त्रीकडे नसते, ते संघटनेमुळे येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

न्यायालय आणि संसद

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अर्जदाराला नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभाही मिळाली. एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांत सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी औषधोपचार सुरू झाले.

दीर्घ पाठपुराव्यानंतर संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीविना तपासणीला मनाई, गोपनीयतेचा हक्क, नोकरी व शिक्षणातील भेदभावाला प्रतिबंध आणि तक्रारींसाठी राज्यस्तरावर लोकपाल, अशा तरतुदी त्यात आहेत. मात्र उपचार 'शक्य तितके' पुरवण्याच्या शब्दयोजनेला संघटनांनी आक्षेप घेतला. सरकारला यातून पळवाट मिळेल, ही त्यांची भीती होती. २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरोधात बाधितांना नवी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरावे लागले. एआरटीची गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागते. त्यात खंड पडल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. त्यामुळेच कायदा झाल्यानंतरही ही चळवळ थांबलेली नाही.