राइशस्टागमधली माती

जुन्या सरकारी इमारतीचं नूतनीकरण निघालं की वास्तुविशारद, वातानुकूलनाचे अभियंते, अग्निशमनवाले पहिल्या बैठकीपासून हजर असतात. चित्रकाराला बोलावणं जातं ते शेवटी, प्रवेशदालनाची भिंत उघडीबोडकी दिसायला लागल्यावर. उशीर एक वेळ चालेल. चालत नाही ती 'भिंतीच्या मापाचं, कुणाला न खुपणारं काहीतरी' ही मागणी. अशा वास्तूसाठी करून घेतलेल्या कलाकृतीला एकच प्रश्न विचारावा: ही उचलून दुसऱ्या इमारतीत नेली, तर काही बिघडेल का? काहीच बिघडणार नसेल, तर ती शोभेची वस्तू. शोभेच्या वस्तूला माझी हरकत नाही, पण तिच्यासाठी समिती कशाला नेमायची? बर्लिनचं राइशस्टाग, म्हणजे आजचं जर्मन संसद भवन, या प्रश्नावर तपासून पाहण्यासारखं आहे.

पॉल वॉलट यांच्या आराखड्याची ही वास्तू 1894 मध्ये पुरी झाली. 1933 च्या फेब्रुवारीत ती जळली, 1945 मध्ये तोफांनी फुटली, 1960 च्या दशकातल्या दुरुस्तीत आतून गुळगुळीत पॅनेलांखाली झाकली गेली. एकीकरणानंतर नॉर्मन फॉस्टर यांनी दगडी कवच राखून आतलं बहुतेक सगळं नव्यानं बांधलं. 1999 मध्ये संसद इथे भरू लागली. ऊर्जेची व्यवस्था मोठ्या हुशारीनं केलेली आहे. वनस्पतितेलावर चालणारं संयंत्र वीज आणि उष्णता दोन्ही देतं. जादा उष्णता सुमारे 300 मीटर खोल भूजलाच्या थरात साठवायची आणि थंडीत वर ओढून घ्यायची. काचेच्या घुमटातला उलटा शंकू 360 आरशांनी सभागृहात उजेड पाडतो, आणि आतली तापलेली हवाही त्याच वाटेनं बाहेर जाते. (भाषणांनी तापलेली, असं म्हणायचा मोह होतो.)

पण उष्णता साठवणारी यंत्रणा इमारतीनं पाहिलेलं साठवत नाही; नवं प्लास्टर तर ते पुसूनच टाकतं. इथे पॅनेलं निघाली तेव्हा खाली सोव्हिएत सैनिकांनी 1945 मध्ये कोळशानं आणि खडूनं लिहिलेली नावं, गावं, तारखा सापडल्या. काही खासदारांना ती नको होती, तरी फॉस्टर यांनी बरीचशी राखली. कलाकारांना बोलावलं गेलं ते अशा भिंतींच्या शेजारी काम करायला. जेनी होल्झर यांच्या खांबावर इथल्या सदस्यांची जुनी भाषणं दिव्यांच्या अक्षरांतून वर सरकत राहतात. ख्रिस्तियाँ बोल्टान्स्की यांनी तळघरात 1919 ते 1999 या काळात लोकशाही मार्गानं निवडून आलेल्या सदस्यांच्या नावांच्या पत्र्याच्या पेट्या भिंतीसारख्या रचल्या. मधून अरुंद बोळ जातो, आणि 1933 ते 1945 या वर्षांसाठी एकच काळी पेटी आहे. या पेट्या एखाद्या संग्रहालयात हलवल्या, तर उरेल नुसता पत्रा. गेरहार्ड रिश्टर यांचा काळ्या, लाल, सोनेरी काचेचा वीस मीटरहून उंच पट्टा मात्र, मला वाटतं, अर्ध्या गुणांनीच उत्तीर्ण होतो. देखणा आहे, पण थोड्या फरकानं तो एखाद्या जर्मन दूतावासातही खपून जाईल.

खरी कसोटी लागली हान्स हाके यांच्या कामानं. पश्चिमेच्या दर्शनी भागावर 1916 मध्ये 'जर्मन जनतेस' अशा अर्थाची अक्षरं बसवली गेली. ती पेटर बेरेन्स यांनी आखली, जिंकून आणलेल्या फ्रेंच तोफांच्या धातूतून लोएवी या ज्यू कुटुंबाच्या ओतकामशाळेनं ओतली, आणि पुढे त्याच कुटुंबातली माणसं नाझींनी मारली. हाके यांनी उत्तरेकडच्या चौकात त्याच वळणाच्या प्रकाशमान अक्षरांत 'लोकवस्तीस' असं लिहायचं ठरवलं, म्हणजे नागरिकत्व असो वा नसो, इथे राहणाऱ्या सर्वांस. अक्षरांभोवतीच्या लाकडी चौकटीत खासदारांनी आपापल्या मतदारसंघातली माती आणून टाकायची. माती म्हटल्यावर नाझींच्या 'रक्त आणि माती'ची आठवण निघाली, आणि ती रास्तच होती. पण इथे सगळ्या मतदारसंघांची माती एकमेकींत मिसळते, कुणी पाणी घालत नाही, तण उपटत नाही. बी वाऱ्यानं आलं काय नि मातीतून आलं काय, उगवेल ते उगवू द्यायचं. शुद्ध वंशाच्या मातीची कल्पना याहून चांगली मोडता आली नसती. शिवाय काटकसरीच्या इमारतीला शोभेल असं हे काम आहे: दिवे सोडले तर देखभाल जवळपास शून्य.

5 एप्रिल 2000 रोजी हे काम संसदेत मताला आलं आणि 260 विरुद्ध 258 असं निसटतं मंजूर झालं. यावर नेहमीचा आक्षेप असा की कलेचा निवाडा मतदानानं करणं म्हणजे कलेची विटंबना. मला उलट वाटतं. रिकामी भिंत भरायला चित्र घेतलं असतं तर ते एकमतानं पास झालं असतं आणि कुणी वळून पाहिलं नसतं. इथे खासदारांना उभं राहून सांगावं लागलं की आपण नेमके कोणाचे प्रतिनिधी आहोत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: संसदेला इतिहास असतो, साध्या कचेरीला कुठला? कोलोराडोतल्या ग्रँड जंक्शनची 1918 ची फेडरल इमारत पाहावी. सौर पॅनेलं आणि भूऔष्णिक विहिरी बसवून ती वापरेल तितकी ऊर्जा स्वतःच निर्माण करेल असं नूतनीकरण 2013 मध्ये झालं. तिथे लुईझ रॉनेबेक यांचं 1940 चं भित्तिचित्र आहे: मध्ये पीचची तोडणी, एका बाजूनं येणारे गोरे वसाहतवाले, दुसऱ्या बाजूनं निघून जाणारे यूट आदिवासी. कचेरीत आलेल्या माणसाला आपण उभे आहोत ती जमीन आधी कोणाची होती, हे ते चित्र सांगतं; ते दुसऱ्या गावी नेऊन चालणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. हाच पैसा जाड काचांवर घालावा, असं अभियंता म्हणणार. मुंबईत होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी मागून घेतला, आणि हुसेन यांचं 'भारत भाग्यविधाता' हे भित्तिचित्र तिथे आलं. एका टक्क्यात काचेची जाडी किती वाढते, हा हिशेब मांडून पाहायला हरकत नाही. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात एवढी रक्कम बहुधा आकस्मिक खर्चाच्या ओळीतच जिरून जाते.