धडधडणारे टेंगूळ



चिंचा पाडताना दगड डोक्यात बसला की टेंगूळ येते. कातडीखाली साठलेले रक्त थोड्या दिवसांत जिरते. पण एखादे टेंगूळ जिरत नाही. उलट वाढते, आणि बोट ठेवले तर नाडीसारखे उडते. ते निराळे.

कानाच्या पुढे बोट ठेवून बघा. ठकठक लागते ना? ती रोहिणी. ती हृदयाकडून जोराने रक्त आणते. नीला ते सावकाश परत नेते. मध्ये केसापेक्षा बारीक केशवाहिन्या असतात. बाईंनी हे आपल्या भातशेतीवरून समजावले. पंपाचे पाणी जोरात येते, खाचरांत पसरून संथ होते, मग ओहळात जाते. पण पंपाचा पाइप थेट ओहळातच सोडला तर? काठ ढासळतील, ओहळ फुगेल, वेडावाकडा होईल. मार लागून शेजारशेजारच्या रोहिणी आणि नीला फाटल्या, आणि भरून येताना एकमेकींनाच जुळल्या, तर नीलेचे तसेच होते. कातडीखाली गांडुळे वळवळल्यासारखी दिसतात! हे लगेच होत नाही. मार आपण विसरून जातो, मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसते. काहींना असे जन्मापासूनही असते.

इ.स. १७५७ मध्ये लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरांनी ही गोष्ट प्रथम लिहिली. तेव्हा उपचार म्हणून हाताची शीर टोचून रक्त काढत. टोचायचे पाते नीलेतून आरपार रोहिणीत गेले की कधी कधी दोघी जुळायच्या.

माझा आतेभाऊ डोंबिवलीला असतो. त्याला सीझन बॉल लागला होता. पुढे तिथे गाठ उडू लागली. शेजारचे एक काका म्हणाले, गळू आहे, सुई तापवून फोडा. आत्या तयारसुद्धा झाली होती. बरे झाले, आधी डॉक्टरांकडे नेले! त्यांनी गाठीवर नळी लावून ऐकले, तर आत सूं-सूं आवाज. फोडली असती तर पंपासारखे रक्त उडाले असते, आणि डोक्याचे रक्त लवकर थांबत नाही, कारण तिथल्या कापलेल्या शिरा आक्रसत नाहीत. (साधी खोक पडली तरी स्वच्छ फडके घट्ट दाबून धरायचे ते यासाठीच.)

मग मुंबईला नेऊन शिरांचा फोटो काढला. कुठली रोहिणी रक्त पुरवते ते त्यात दिसते. काही जणांना जांघेतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन ती वाट आतूनच बुजवतात. दादाची गाठ ऑपरेशन करून काढली. आता केसांत एक पांढरी रेघ आहे, म्हणून तो भांग दुसऱ्या बाजूला पाडतो.

— इयत्ता ४ थी